सहाव्या तारेचा आवाज

विक्रोळी पूर्व,
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय उत्तरा,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. बारा वर्षं आपण दोघं एकत्र गिटार वाजवतोय आणि एवढ्या काळात मी तुला साधी चिठ्ठीसुद्धा लिहिलेली नाही, हे मला ठाऊक आहे. पण हल्ली फोनवर आपलं बोलणं धड होत नाही. तू मधेच 'बरं बरं' म्हणून ठेवून देतेस. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला जावं तर उजव्या हाताची ही वाढवलेली नखं आड येतात, एका अक्षराच्या जागी तीन उमटतात. तेव्हा म्हटलं, पेन उचलावं.

कामाचं बोलतो. सुयोगने आठ मार्चचा मुलुंडचा कार्यक्रम पक्का केलाय. दोन तास, फक्त आपण दोघं. त्याच्या हॉलमध्ये पहिल्यांदा वाजवलं तेव्हा एका काकांनी मध्यंतरात येऊन विचारलं होतं, 'गाणं कधी सुरू होणार?' आता म्हणे लोक आपली नावं वाचून तिकिटं काढतायत. टँगो कुठला, जॅझ कुठला आणि त्यात आमच्या कोकणातल्या भजनाचा ठेका कसा घुसला, हे आधी अर्धा तास समजावत बसायची गरज नाही. इथवर यायला आपली बारा वर्षं गेली, म्हणून हा कार्यक्रम चांगला व्हायलाच हवा.

एक छोटी विनंती. यापुढे मी तुझ्या डावीकडे न बसता उजवीकडे बसतो. डावीकडे दिवा डोळ्यांवर येतो, बाकी काही नाही. आणि खुर्च्याही थोड्या जवळ घेऊ.

नंदकिशोररावांना नमस्कार सांग.

हर्षद


मुलुंड पूर्व,
१४ नोव्हेंबर

हर्षद,

पत्र मिळालं. विक्रोळी आणि मुलुंडच्या मधे तीन स्टेशनं, आणि पत्राला लागले पाच दिवस. चालत आला असतास तरी लवकर पोचला असतास.

नखांचं कारण मला पटलेलं नाही. याच दिवाळीत तू मला तुझ्या आईची चकलीची कृती टाइप करून पाठवली होतीस, भाजणीच्या प्रमाणासकट. तेव्हा नखं काय माहेरी गेली होती? माणूस एकदम सगळं लेखी द्यायला लागला की पुढेमागे त्याला कागद दाखवायचा असतो. सव्वीस वर्षं अंधेरीच्या कॉलेजात काढलीत मी, मेमो यायच्या आधीची हवा मला कळते. म्हणून मीही लेखीच देते.

बारा वर्षं डोळ्यांवर न आलेला दिवा आत्ताच कसा आला? उजवीकडे मुख्य माइक असतो, हे तुला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे.

आता खरं दुखणं सांगते. तू गेले काही महिने सहावी तार दाबून वाजवतोयस. आपली वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली आहे. तू खाली जाड तारांवर ठेका धरायचा, तीन-तीन-दोन, तीन-तीन-दोन, आणि मी वर सूर फिरवायचे. तो ठेका पायाखाली असला की मी कुठेही उडी मारते. हल्ली तो लागतच नाही. तुझ्या गिटारीतून नुसती वरची किणकिण येते, खाली पोकळ. आधी मला वाटलं खोलीचा दोष असेल, म्हणून मी तिथेच बसून माझी गिटार वाजवून पाहिली. माझी सहावी तार खणखणीत वाजते. खोली तीच, हवा तीच, कान तेच. बदललंय फक्त वाजवणारा माणूस. मी तर्कशास्त्र शिकवते, हर्षद. एवढं मला कळतं.

मला मागे का पाडतोयस, ते सरळ सांग.

उत्तरा


विक्रोळी पूर्व,
२१ नोव्हेंबर

प्रिय उत्तरा,

तार मी दाबत नाही. माझा जन्म कारखान्याच्या टूलरूममध्ये गेला, हलक्या हाताने काही करणं मला येत असतं तर आमच्या घरातले कप अजून शाबूत असते. तरी तुझ्या समाधानासाठी परवा सगळ्या तारा नव्या लावल्या, सहावी तर एक नंबर जाड. रविवारी सरावाला ये आणि सांग.

खुर्चीचा आग्रह सोडून दे असं म्हणशील तर सोडतो. पण एकदा उजवीकडून वाजवून बघू ना. आवडलं नाही तर परत डावीकडे.

एक विचारू? सहज विचारतोय, रागावू नकोस. घरी तुला बाकीचे आवाज कसे येतात? म्हणजे टीव्हीचा वगैरे. ऋतू बदलला की कानात दडे बसतात, आमच्याकडे सगळ्यांना बसलेत. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर घाटकोपरला आहेत.

हर्षद


मुलुंड पूर्व,
१ डिसेंबर

हर्षद,

म्हणजे आता माझे कान वाईट. वा! तार तुझी मुकी आणि डॉक्टर मला.

माझ्या कानांचा पुरावा देते. मी रोज घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला जाते. त्या खडखडाटात शेजारच्या दोन बायका कुणाच्या सुनेबद्दल काय बोलतायत, ते मला शब्दन्‌शब्द कळतं. मागच्या आठवड्यात आमच्या कॉलेजातली प्राजक्ता, तिशीची पोरगी, मला म्हणाली, 'मॅडम, मला इथे काहीच ऐकू येत नाही, तुम्हाला कसं येतं?' ज्या बाईला मेट्रोत ऐकू येतं तिला तुझ्या शांत खोलीत ऐकू येत नाही, असं तुझं म्हणणं असेल तर ते मांडून दाखव.

हल्ली लोक पुटपुटायला लागलेत, ही गोष्ट वेगळी. नंदकिशोर रिटायर झाल्यापासून मिशीतच बोलतो. आणि त्याचंही मला काही तरी दिसतंय. रविवारी तो मला घ्यायला आला, तेव्हा तुम्ही दोघं जिन्यात उभे राहून बोलत होतात. मी दिसले आणि दोघांची तोंडं मिटली. माझ्या नवऱ्याचं आणि तुझं माझ्या पाठीमागे काय शिजतंय?

आता मुख्य गोष्ट. त्याच रविवारी तू चहा करायला आत गेलास आणि मी स्टँडवरचे कागद चाळले. हो, चाळले. त्यात आपल्या 'भरती'ची स्वरलिपी होती. माझा भाग. अक्षर तुझं नाही, माझं नाही. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलंय, गार्गी. ती बोरिवलीची तुझी चोवीस वर्षांची विद्यार्थिनी, तीच ना? माझा भाग ती कशाला उतरवून घेते?

'भरती' मी आणि तू मिळून बसवली. सात महिने लागले. तो भाग माझ्याशिवाय कुणी वाजवलेला नाही.

उत्तरा


विक्रोळी पूर्व,
६ डिसेंबर

प्रिय उत्तरा,

गार्गी शिकतेय. शिकणाऱ्याला चांगलं काहीतरी द्यावं लागतं आणि माझ्याजवळ 'भरती'पेक्षा चांगलं काही नाही, म्हणून दिलं. तुला विचारायला हवं होतं. चुकलं.

नंदकिशोरराव आणि मी क्रिकेटबद्दल बोलत होतो.

एकवीस तारखेला जुहूला हॉटेलच्या लॉनवर वाजवायचंय. तिथे समुद्राचा वारा असतो, आवाज पसरतो. मी अगदी शेजारी बसेन.

हर्षद


मुलुंड पूर्व,
२३ डिसेंबर

हर्षद,

ज्या माणसाला धोनी अजून कप्तान आहे असं वाटतं, तो माझ्या नवऱ्याशी क्रिकेटबद्दल बोलत होता. ठीक आहे.

आता जुहूबद्दल लिहिते.

तू सबंध संध्याकाळ माझ्या खुर्चीच्या पायावर बूट आपटत होतास. ठक-ठक-ठक, माझ्या पाठीच्या कण्यापर्यंत पोचत होतं ते. मला ताल कळत नाही असं समजलास का? पहिलीत घातलेल्या मुलीला शिकवतात तसं? मी दोनदा तुझ्याकडे डोळे वटारून बघितलं, तर तू हसलास. लोकांसमोर हसलास!

दुसरं. 'भरती'च्या मधल्या भागात तू एक आवर्तन उशिरा आलास आणि मी एकटीच वेड्यासारखी पुढे गेले. लोकांना कळलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला कळलं.

तिसरं. कार्यक्रम संपल्यावर, ऐकायला आलेला सुयोग तुझ्याशी काहीतरी बोलला, मग दोघांनी माझ्याकडे बघितलं, आणि तू त्याला बाजूला नेलंस. काय म्हणाला तो? गार्गी चालेल म्हणाला? की तू म्हणालास?

ऐक. मी एक्कावन्न वर्षांची आहे. कॉलेजात मुलं माझ्या तासाला डुलक्या काढतात, घरी नवरा मिशीत बोलतो, आणि आठवड्यातून एकदा तुझ्या खोलीत दोन तास मी जिवंत असते. ते तू माझ्याकडून काढून घेतोयस, असं मला वाटतं. काढून घ्यायचंच असेल तर समोरून घे. आठ मार्चला तुला माझ्या जागी गार्गी हवी आहे का? हो किंवा नाही, एवढंच लिही. दहा जानेवारीपर्यंत उत्तर आलं नाही तर मी स्वतः सुयोगला सांगेन की आपली जोडी मोडली.

उत्तरा


विक्रोळी पूर्व,
२७ डिसेंबर

प्रिय उत्तरा,

नाही. तुझ्या जागी मला कोणी नको आहे.

याहून जास्त लिहायला मी तीन वेळा बसलो आणि तीन कागद फाडले. बूट लावल्याबद्दल माफ कर, यापुढे लावणार नाही. हसलो ते तुला बरं वाटावं म्हणून.

गिटार घाटकोपरला दादूकडे टाकली आहे, दांडीवरच्या फ्रेटच्या पट्ट्या झिजल्यात त्या घासायला. त्यामुळे आठवडाभर सराव नाही. तू सुयोगशी बोलायची घाई करू नकोस एवढीच विनंती.

हर्षद


मुलुंड पूर्व,
९ जानेवारी २०२५

हर्षद,

हे पत्र बसून वाच.

तुझं सत्तावीसचं पत्र वाचून माझी खात्रीच पटली. 'लिहायला बसलो आणि फाडलं' असं ज्याच्या मनात काळंबेरं आहे तोच माणूस लिहितो. आणि गिटार नेमकी आत्ताच दुरुस्तीला? म्हटलं, पुरावा लपवला. शनिवारी नंदकिशोरला सांगितलं की भाजी आणायला जाते, आणि गेले सरळ घाटकोपरला, दादूच्या दुकानात.

दादूला मी थाप मारली. म्हटलं, हर्षदने बघून यायला सांगितलंय. त्याने तुझी गिटार काढून दिली. मी मोबाइलचा दिवा लावून तिच्या पोटात डोकावले. स्पंज, कापूस, कापडाची घडी, काहीतरी कोंबलेलं सापडणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आत हात घालून चाचपलं. काही नाही. दादू म्हणाला, "बाई, काय हरवलंय का?"

मग मी ती मांडीवर घेतली आणि सहावी तार छेडली. हर्षद, काय वाजली ती! पोटात घुमली माझ्या. मी म्हटलं, बघ, गिटार चांगली आहे, म्हणजे हा माणूसच मुद्दाम दाबून वाजवतो. दादूला म्हटलं, आता तू वाजव. तो समोर स्टुलावर बसला, चार हातांवर, आणि त्याने वाजवली. नुसती किणकिण. खाली पोकळ.

मला काय वाटलं सांगू? वाटलं, हाही सामील आहे.

मी गिटार परत घेतली, वाजवली, घुमली. त्याला दिली, गेली. असं चार वेळा केलं. दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक आमच्याकडे बघत उभं राहिलं. शेवटी मी दादूवर ओरडले, "नीट जोर लावून वाजव ना रे!" तो बिचारा म्हणाला, "बाई, अजून जोर लावला तर तार तुटेल. तुम्हाला कुठे खरखर ऐकू येते का? थांबा." कुठे खरखर होत असेल तर ती शोधायची त्याची एक पद्धत आहे, तुला माहीत असेल. खुंट्यांकडचं टोक तो कानामागच्या हाडाला टेकवतो आणि तार छेडतो. लाकडातला बारीकसा दोषही असा कळतो म्हणे. त्याने तेच माझ्या डाव्या कानामागे टेकवलं आणि सहावी तार छेडली.

सगळं आलं. मी कितीतरी महिन्यांत न ऐकलेलं सगळं आलं, थेट डोक्याच्या आत. त्याने टोक अर्धा इंच लांब केलं आणि ते गेलं. मी त्याचा हात धरून पुन्हा टेकवलं, पुन्हा आलं. मी लांब केलं, गेलं. मग मी दुकानाच्या पायरीवर बसले. दादूने चहा मागवला.

माझी गिटार मला खणखणीत ऐकू यायची कारण ती माझ्या छातीला टेकलेली असते. हाडातून यायची. तुझी हवेतून यायची आणि हवेतून माझ्याकडे खालचं काही पोचत नव्हतं. खोली तीच, हवा तीच, कान तेच, असं मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. तिन्हीतलं जे तपासायचं तेच गृहीत धरलं. पहिल्या वर्षाच्या पोराने ही चूक केली तर मी त्याला नापास करते.

मंगळवारी डॉक्टरकडे गेले. तुझ्या नाही, मी शोधलेल्या. मधल्या कानातलं एक इवलंसं हाड जाम झालंय, डाव्या कानात जास्त, उजव्यात थोडं. खालचे सूर आधी जातात. नस चांगली आहे. शस्त्रक्रिया होऊ शकते किंवा यंत्र लावायचं. मेट्रोचंही कोडं सुटलं. खडखडाटात लोक ओरडून बोलतात, आणि ज्या घरघरीने बाकीच्यांचे कान भरतात ती माझ्यापर्यंत येतच नाही. माझा सगळ्यात भक्कम पुरावा हाच या आजाराची खूण निघाला.

घरी येऊन तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. उजवी बाजू. जवळच्या खुर्च्या. जाड तार. बूट.

तुला माहीत होतं.

आता मी विचारते त्याची उत्तरं दे. कधीपासून माहीत होतं? गार्गीचं खरं काय? मला का सांगितलं नाहीस? आणि या सगळ्या काळात मी कशी वाजवत होते? गोड बोलू नकोस. गोड बोललास तर मला कळेल, आणि मग खरंच संपलं.

उत्तरा


विक्रोळी पूर्व,
१३ जानेवारी

प्रिय उत्तरा,

एकेक सांगतो.

ऑगस्टपासून. पंधरा ऑगस्टच्या आधीच्या रविवारी सरावात माझी खुंटी सरकली आणि सहावी तार पार ढिली पडली. भसाडी वाजायला लागली. तू म्हणजे अर्धा सूर इकडेतिकडे झाला तर पंखा बंद करायला लावणारी बाई, तू डोळे मिटून शांतपणे वाजवत राहिलीस. मी थांबलो, तरी तू पुढे गेलीस. तेव्हा कळलं.

गार्गीबद्दल मी अर्धं खोटं लिहिलं. तिला तुझा भाग मी ऑक्टोबरपासून शिकवतोय, तो नुसतं तिने शिकावं म्हणून नाही. मार्चमध्ये तू मधेच अडलीस तर कोणीतरी हवं, असं मी ठरवलं होतं. तुला न विचारता. तुझा त्याबद्दलचा संशय खरा होता. नंदकिशोररावांनाही माहीत होतं. जिन्यात ते मला म्हणत होते की तुम्ही सांगा, आणि मी त्यांना म्हणत होतो की तुम्ही सांगा. आम्ही दोघं भित्रे.

का सांगितलं नाही. हे मी आजवर कोणाला बोललेलो नाही. माझे बाबा, बाळा तावडे, लोअर परळच्या मिलमध्ये लूमवर होते. त्या खात्याच्या खडखडाटात वीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान कसे राहणार? पण चाळीच्या भजनात मृदंग त्यांचाच. पुढे पुढे ते बुवाला सोडून भलतीकडे जायचे. सगळे सांभाळून घ्यायचे, कोणी बोलायचं नाही. मी अकरा वर्षांचा होतो. गणपतीत, सगळं मंडळ बसलेलं असताना, मी मोठ्याने म्हणालो, "बाबा, तुमका ऐकाक येना नाय." कोणी हसलं नाही. बाबांनी मृदंग बाजूला ठेवला, त्यावर फडकं टाकलं आणि आत गेले. त्यानंतर सोळा वर्षं जगले, पण पुन्हा त्याला हात लावला नाही. आई मला कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तुला सांगायला तोंड उघडलं की ते फडकं दिसायचं. म्हणून मी खुर्च्या हलवत बसलो.

आता तू कशी वाजवत होतीस ते. तुला ठेका लागत नव्हता, म्हणून तू क्षणभर थांबून, चाचपून पुढे जायचीस. मी तुझ्यामागे यायचो. त्यामुळे टँगोत एक ओढ यायला लागली, श्वास धरल्यासारखी. सुयोग जुहूला मला तेच म्हणाला, की हे तुम्ही नवीन काय काढलंत, अंगावर काटा येतो. मी त्याला बाजूला नेऊन विषय बदलला. हे गोड बोलणं वाटत असेल तर सुयोगलाच विचार.

पण सगळं तसं नव्हतं. ऑक्टोबरचा घाटकोपरचा कार्यक्रम वाईट झाला. तुला स्वतःची गिटार मोठी ऐकू यायची म्हणून तू इतकं हळू वाजवलंस की चौथ्या रांगेच्या मागे तू पोचलीच नाहीस. तू माइकवाल्याला झापलंस, त्याची काही चूक नव्हती. आणि जुहूला 'भरती'मध्ये मी उशिरा आलो नाही. तू एक आवर्तन आधी घुसलीस आणि वर मूळ जागा सोडून भलत्याच पट्टीत गेलीस. मला सावरता आलं नाही. तेवढी दोन मिनिटं आपण फार वाईट वाजवलं, तुझ्यामुळे.

झालं. आता तू ठरव.

हर्षद


मुलुंड पूर्व,
२० जानेवारी

प्रिय हर्षद,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी सुयोगला फोन लावला. तू बजावलं होतंस ना, विचार म्हणून. मोबाइल कानामागच्या हाडाला दाबून धरला. नंदकिशोर बघतच राहिला. सुयोग त्या ओढीबद्दल तेच म्हणाला. तरी मनात आलं, तू त्याला आधीच पढवलं असशील. सहा महिन्यांची सवय, लगेच कशी जाणार?

मग पत्रातला शेवटचा भाग पुन्हा वाचला. मी चौथ्या रांगेपर्यंत पोचले नाही, मी आधी घुसले, मी भलत्या पट्टीत गेले, तुझ्यामुळे वाईट झालं. वाचून मला दुपारभर इतका राग आला की मी जेवले नाही. आणि संध्याकाळी लक्षात आलं की या माणसाने मला समजावायचं सोडून दिलंय. जो असं लिहितो तो माझ्याशी खोटं बोलत नाही. तिथे माझा तुझ्यावर विश्वास बसला.

गार्गीबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. करीन, पण माझ्या वेळेने. तिला रविवारी बोलाव. आठ मार्चला तुझ्याबरोबर तीच वाजवेल. मधल्या भागात ती घाई करते, असा मला तिच्या कागदावरच्या खुणांवरून संशय आहे, ती घाई मी काढून टाकीन. मी एकटी एक तुकडा वाजवेन. माझी गिटार मला ऐकू येते, तेवढं मला पुरे आहे. हे सगळं मी सुयोगला सांगून टाकलंय, कानाच्या आजारासकट. त्याने लोकांना सांगितलं तरी चालेल. माइकवाल्याचीही माफी मागितली. तो म्हणाला, 'मॅडम, तुम्ही मला झापलं होतं?' म्हणजे मी झापतेही हळूच.

एप्रिलमध्ये डाव्या कानाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांची चांगली होते. त्या 'बहुतेक'मुळे मला झोप लागत नाही. मी घाबरले आहे, हर्षद. तुझ्यावर संशय घेत होते तेव्हा निदान घाबरले नव्हते. तू चोर असतास तर मी तुझ्याशी भांडले असते, जिंकले असते किंवा दुसरा जोडीदार शोधला असता. कानाशी कसं भांडणार? म्हणून मला तू चोर हवा होतास. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

आता तुझ्या बाबांबद्दल. मी त्यांना पाहिलेलं नाही आणि त्यांच्याबद्दल बोलायचा मला काय अधिकार. पण ज्या मंडळातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी वर्षानुवर्षं तोंड मिटून सांभाळून घेतलं, त्यांच्यातल्या कोणी एखाद्या दुपारी त्यांच्या शेजारी बसून हळूच सांगितलं असतं, तर अकरा वर्षांच्या पोरावर ती वेळ आली नसती. तू खरं बोललास. तुझ्यावर कोणी रागावलं नाही, म्हणून तू स्वतःच एवढी वर्षं रागावत राहिलास.

मला तू कागदावर सांगितलंस, तेही मी गळा धरल्यावर. पण सांगितलंस. पत्र वाचून झालं, राग आला, रडले, नंदकिशोरवर ओरडले. आणि त्या दिवसापासून रोज मी वाजवतेय. आजही चार तास वाजवलं, बोटं सोलवटलीत. तेवढं तुला कळवायचं होतं. मी गिटार खाली ठेवलेली नाही.

उत्तरा